मीठ बघणारी

रमजानात लामू बेटावरच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते लपत नाही, आणि कुणाच्या अंगात काय चाललंय तेही लपत नाही. कारण एकच, मीठ. रोजा धरलेल्या बाईनं दुपारभर रांधायचं, पण जिभेवर थेंब ठेवायचा नाही. जिभेला लावून थुंकलं तर चालतं, असं मौलवी सांगतात. पण बी राया म्हणायची, मौलवी कधी उपाशी पोटी नारळाच्या रश्शावर वाकलेत का, थुंकायची आठवण राहते कुणाला. तेव्हा तिच्या घरात, आणि तिच्या धाकानं आजूबाजूच्या चार घरांत नियम असा, की जिची महिन्याची सुट्टी चालू असेल तिनंच मीठ बघायचं. ऊन कललं की गच्च्यांवरच्या स्वयंपाकघरांतून हाका जायच्या, आज तुमच्यात मीठ कोण बघतंय? जिचं नाव निघेल तिच्याकडे भिंतींवरून पळ्या यायच्या. प्रत्येक बाईची तारीख प्रत्येक बाईला पाठ.

सहाव्या रोज्याला शुफानं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि विचारलं, आजही काय अंदाजानंच खायचं? शुफा ही बी रायाची मुलगी, तलाक घेऊन माहेरी परतलेली, जिभेनं तिखट. तेव्हा घरची सून झैतुनी शेगडीपाशी आली आणि म्हणाली, "द्या वन्सं, मी बघते."

बी राया खवणीवर बसली होती. इकडे खवणीला बकरी म्हणतात. चार पायांची बुटकी लाकडी बैठक, पुढे दातेरी लोखंडी पातं. बी रायाचा हात थांबला, मग परत चालू झाला, जरा जोरात. सून सहा वर्षं या घरात होती. तिनं पळी हातात घेतली म्हणजे सासूला काय कळायचं ते कळलं, की याही महिन्यात नाही.

"आमच्या घरात दूध देणारी बकरी एकच," शुफा पुटपुटली, "आणि तीसुद्धा लाकडाची."

झैतुनीनं तुरीच्या रश्शाचा थेंब तळहातावर घेतला, चाटला, आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली. तिला त्या दिवशी आठवा आठवडा लागला होता.

झैतुनी सियूची. समुद्रापलीकडच्या पाते बेटावरचं गाव. सियूच्या बाया फार कमी बोलतात असं लामूवाले म्हणतात, आणि लामूवाल्यांपुढे कमीच बोलावं असं सियूवाले म्हणतात. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ती फक्त नवऱ्याशी बोलली होती. अथमाननं आईला सांगितलं, आईनं भिंतीवरून शेजारच्या बी आसियाला, आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या आत विणलेल्या झाकणांखालची सात ताटं घरात आली. कुणाची कैरी, कुणाची चिंच लावून भाजलेली मासळी, कुणाचे वेलचीचे गोड वडे. आलेलं ताट रिकामं परत जात नाही, म्हणून बी राया पुढे तीन दिवस तळण काढत बसली, आणि घामाघूम होऊन हसत होती. दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. मग त्याच बाया, तीच ताटं घेऊन, सांत्वनाला आल्या. तीही ताटं भरूनच परत पाठवावी लागली.

दुसऱ्या वर्षीही तसंच. ताटं, दहावा आठवडा, ताटं. त्या खेपेला बी आसियानं चटईवर मांडी घालून विचारलं होतं, काय उचललंस, काय खाल्लंस, कुणाच्या दारात थांबली होतीस. झैतुनीनं त्या दिवशीच मनाशी गाठ मारली. तिसऱ्यांदा तो दहावा आठवडा पार होईपर्यंत वाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. तिसरी वेळही फुकट गेली तर पुढे काय, ते तिला कुणी सांगायला नको होतं. मोंबासाच्या बंदरात कामाला असलेल्या अथमानला हल्ली आई फोनवर काकांच्या घरची खुशाली जास्त सांगायची. काकांची मुलगी सुवैबा कशी मोठी झाली, किती शांत आहे, हाताला कशी चव आहे. दुसऱ्या बायकोचा शब्द मात्र कुणी काढत नव्हतं.

दवाखान्यातल्या नर्सनं बजावलं होतं, या खेपेला उपाशी राहू नकोस, तहान तर मारूच नकोस, पोटुशीला रोज्याची सूट देवानंच दिली आहे. देवानं दिली होती, पण ती घ्यायची तर गल्लीला कारण दाखवावं लागणार होतं. रमजानात न खाण्याला कारण लागत नाही, खाण्याला लागतं. म्हणून झैतुनीनं पळी उचलली. तोंडानं खोटं काहीच बोलली नव्हती. फक्त मीठ बघितलं, बाकी ज्यानं त्यानं समजून घेतलं.

पण खोटेपणाची पहिली गाठ मारली की दोरा आपणच पुढे ओढत बसतो. सुट्टीवरची बाई नमाज पढत नाही. पोटुशीला मात्र नमाज चुकवायची सूट नाही. तेव्हा पाच वेळा ती काही ना काही निमित्त काढून आपल्या खोलीत जायची, दाराला पाठ लावून बसायची, मग पायांचा आवाज न करता उभी राहायची, आणि कपाळ टेकताना कान जिन्याकडे. देवासमोर चोरासारखं उभं राहायचं, हे तिचं मन कुरतडत राहायचं. आणि दर वेळी न्हाणीघरात गेली की आधी कापड बघायची. कोरडं. मग श्वास सोडायची.

जिभेचं काय करायचं हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी सुकी मुशी शिजवली होती. रात्रभर भिजवून, कातडं काढून, बोटांनी कुसकरून, कांदा-हळद-हिरव्या मिरचीवर परतून. मुशीच्या अंगचाच खारटपणा इतका, की मीठ घालायचं तर बोटाच्या टोकानं. झैतुनीनं चाखलं. जिभेवर लोखंड ठेवल्यासारखं झालं, दुसरं काहीच लागेना. तिनं परत चाखलं. उमासा आला तो गिळला, कमी आहे म्हणाली आणि मूठभर मीठ टाकलं.

सूर्य बुडाल्यावर पहिला घास घेऊन शुफानं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, वहिनी, जीभ काय सियूला विसरून आलीस? बी आसियाकडे गेलेलं ताट परत आलं ते केळी भरून, आणि सोबत निरोप, की राया, तुझी मुशी मेली तरी समुद्र सोडेना. सगळे हसले. झैतुनीही हसली. बी राया एकामागून एक तीन पेले पाणी प्यायली आणि काहीच बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं झैतुनीच्या नंतर लक्षात आलं. तेव्हा नाही आलं.

सात दिवस झाले. आठव्या दिवशी पहाटे बी रायानं जिन्यातूनच विचारलं, आंघोळ झाली का? झैतुनी म्हणाली, झाली. हेही खरंच होतं, आंघोळ तर ती रोज करायची. पण सासू विचारत होती ती सुट्टी संपल्यावरची आंघोळ, आणि त्या एका शब्दानं सगळे दरवाजे बंद झाले. आता ती रोजादार. आता सगळ्यांसमोर नमाजाला उभी, सगळ्यांसमोर सुकलेल्या ओठांची.

आणि स्वयंपाकघर म्हणजे बंद डबाच. घराच्या माथ्यावर, तीन बाजूंना डोक्याच्या वर जाणाऱ्या भिंती, वर झावळ्यांचं छप्पर, चौथ्या बाजूला कमरेएवढी भिंत आणि पलीकडे बी आसियाची शेगडी. खाली जायचं तर एकच जिना, आणि तो बी रायाच्या खोलीवरून. दुपारी दोनपासून मगरिबपर्यंत तिघी त्या डब्यात. निखाऱ्यांची धग, तळणाचा वास, कसावा उकळल्याची वाफ. झैतुनीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि ती पोटावर हात जाऊ नये म्हणून हातात सतत काहीतरी धरून ठेवायची. कांदा, फडकं, काहीही.

तिनं खवणीचं काम मागून घेतलं. आई, तुमचे गुडघे दुखतात, मी बसते. बी राया बरं म्हणाली. बकरीवर बसलं की पाठ दोघींकडे होते. नारळ फोडताना पाणी वाडग्यात धरायचं. ते सुरईत ओतून ठेवतात, संध्याकाळी खजुरासोबत घरातल्या सगळ्यांना घोट घोट. झैतुनी करवंटी कलती करून एक घोट ओठांच्या आत घ्यायची, उरलेलं वाडग्यात. खवताना हाताला लागलेला कीस तोंडात. चावायचा नाही, टाळूला दाबून ठेवायचा, विरघळेल तसा गिळायचा. सहा नारळांचे सहा घोट. दिवसभराचं जेवण तेवढंच.

एके संध्याकाळी शुफानं सुरई हलवून बघितली. "यंदा नारळ कोरडेच येताहेत," ती म्हणाली. "सहा नारळांत तिघींना पुरत नाही, म्हणजे काय."

उन्हाळा आहे, बी राया म्हणाली.

सतरावा रोजा. शुफा ईदचे कपडे आणायला शिंप्याकडे गेली होती. खाली कोळी आला म्हणून बी राया जिना उतरली. झैतुनी पहिल्यांदाच त्या डब्यात एकटी होती. तिनं चौथा नारळ फोडला आणि त्या दिवशी कलती-बिलती न करता करवंटी सरळ तोंडाला लावली. सगळं पाणी प्यायली. मग मूठभर कीस तोंडात कोंबला आणि चावला. चावण्याचा आवाज तिला स्वतःलाच इतका मोठा वाटला, की भिंतीपलीकडून दुसरा आवाज आला तो कळलाच नाही.

"बिस्मिल्लाह तरी म्हणालीस का, की तेही नाही?"

बी आसिया. भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून. चिंच मागायला आली होती.

झैतुनीचं तोंड भरलेलं. गिळावं तर तिच्या देखत रोजा मोडला, थुंकावं तर चोरी कबूल. बी आसियाचा आवाज चढला नाही, हेच जास्त वाईट होतं. ती म्हणाली, सुट्टी तुझी कधीच संपली पोरी, परवा मी तुला नमाजाला उभी राहिलेली बघितली आहे. मग हे काय चाललंय? उत्तरं दोनच होती. एक दिलं तर ती रमजानात चोरून खाणारी सून, आणि ही गोष्ट तिच्या मेल्यानंतरही गल्लीत सांगितली जाईल. दुसरं दिलं तर मगरिबच्या आत सात ताटं. इकडे आड, तिकडे विहीर. कीस तोंडात तसाच राहिला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

जिन्यातून बी राया वर आली. हातात शेपटीला धरलेला लालसर मासा. तिनं शेजारणीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं.

"तुझी सून जेवतेय," बी आसिया म्हणाली.

"नारळ खवट निघाला सकाळी. मीच म्हटलं तिला, चाखून बघ."

"चाखतात ते असं? गाल बघ तिचे."

बी रायानं मासा परातीत टाकला. "सुट्टी परत आलीय तिची."

"परत? पंधरवडा नाही झाला, राया."

"बाईचं अंग आहे, मशिदीचं घड्याळ नाही. कालपासून रक्त जातंय तिचं. अजून काय हवंय तुला, कापडं दाखवू?"

रक्त. झैतुनीचा हात पोटाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत तिनं तो थांबवला, करवंटी उचलली, परत ठेवली. इतके दिवस ज्या शब्दाला ती घाबरत होती, तो तिच्याच सासूनं, तिच्याच नावानं, भिंतीवरून उच्चारला होता. बी आसियाचा चेहरा एकदम मऊ पडला. अल्ला देईल, ती म्हणाली. चिंच घेतली, वळली, आणि जाता जाता म्हणाली, राया, आता मात्र वेळ घालवू नका, अथमानचं वय वाढतंय.

पावलं लांब जाईपर्यंत बी राया उभीच होती. मग खाली बसली, सुरी घेतली.

"किती?"

झैतुनीनं घास गिळला. "नववा आठवडा चाललाय."

"आणि मागचे?"

"दोन्ही दहाव्यात."

बी राया मासा खवलायला लागली. खवले उडून तिनं गुंडाळलेल्या छापील कांग्यावर पडत होते. "मुशीत मूठभर मीठ टाकलंस त्याच दिवशी मला कळलं. शुफाच्या वेळी माझीही जीभ अशीच मेली होती. म्हटलं, सांगेल."

"सांगितलं असतं तर तुम्ही आसियामावशींना सांगितलं असतं."

बी रायानं मासा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूचे खवले काढायला लागली.

"असतं," बी राया म्हणाली.

त्या दिवसापासून झैतुनीला रोज जेवण मिळू लागलं, पण लपून, कारण सुट्टीवरची बाईही रमजानात कुणासमोर जेवत नाही, आणि पोटुशीची भूक शुफाच्या नजरेतून सुटली नसती. स्वयंपाकघराला लागून कोळसा आणि नारळ ठेवायची खोली होती, खिडकी नसलेली. दुपारी शुफा झोपली की बी राया भाकरी, उकडलेलं केळं, कालचा रस्सा असं झाकून आत ठेवायची, झैतुनी आत जायची, आणि बी राया बाहेरून कडी घालायची. अंधारात कोळशाच्या पोत्यावर बसून ती जेवायची. चमचा नाही, कारण वाजतो. बाहेर सासूचा आवाज ऐकू यायचा. नाही गं, झोपलीय ती, रक्त जातंय ना. कडी निघायची तेव्हाच ती बाहेर येऊ शकायची. एकदा बी राया नमाजात गुंतली आणि कडी तास-दीड तास तशीच राहिली. झैतुनीनं दार वाजवलं नाही.

दहावा आठवडा त्या खोलीत सुरू झाला आणि त्या खोलीतच संपला. रोज अंधारात ती बोटांनी कापड चाचपायची आणि दाराच्या फटीशी धरून बघायची. कोरडं. अकरावा लागला त्या दुपारी ती ओंजळीत तोंड घालून रडली, आवाज न करता. आता तिला ते सवयीनंच जमत होतं.

बाहेर आली आणि म्हणाली, आई, पार पडलं. आता माझ्या आईला फोन करू? नाहीतर ईदला अथमान मला सियूला नेणार होते, तेव्हा समोरच सांगेन.

बी रायानं मान हलवली. सियूला जायचं नाही. होडी हादरते. अथमानला तिनं फोनवर कळवूनही टाकलं होतं, की तुझ्या बायकोला बरं नाही, रक्त जातंय.

"त्यांनापण तेच सांगितलंत?"

"त्याला खरं सांगणं म्हणजे अख्ख्या मोंबासाला सांगणं."

"मग कधी सांगायचं?"

"दिसेल तेव्हा," बी राया म्हणाली. तिच्या डोळ्यांत झैतुनीनं भीती बघितली, स्वतःच्याच भीतीची थोरली बहीण. जे तिनं एकटीनं, घट्ट धरून ठेवलं होतं ते आता तिच्या हातात राहिलं नव्हतं.

आणि गल्ली स्वस्थ बसली नव्हती. रक्ताची बातमी चिंचेबरोबर भिंतीपलीकडे गेली होती, तिथून काकांच्या घरी. ईदच्या आदल्या दिवशी काकांचा निरोप आला, की यंदा जेवण तुमच्याकडेच करू, सगळ्यांना घेऊन येतो. सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते शुफानंही विचारलं नाही. नको म्हणायला बी रायाकडे एकच कारण होतं, आणि ते तिनं स्वतःच कडी घालून ठेवलं होतं.

ईदला खाली बैठकीत पुरुषांचे आवाज, अत्तराचा वास. अथमान सकाळी वर येऊन गेला, तिच्या चेहऱ्याकडे न बघता तब्येत विचारून गेला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, कशाचं, तेही. झैतुनी शेगडीपाशी होती. कोंबडी शिजली होती, आणि तिनं नुकतंच नारळाचं पहिलं, जाड दूध पातेल्यात ओतलं होतं.

जिन्यावर हलकी पावलं वाजली. सुवैबा. एकोणीस वर्षांची, हातावर ताजी मेंदी, नवा हिरवा कांगा. तिच्या मागे दारात बी राया.

"वहिनी, तुम्हाला बरं नाही ना," सुवैबा म्हणाली. खरंच मायेनं म्हणाली, त्यात खोट काढायला जागा नव्हती. "तुम्ही खाली जाऊन पडा. मी बघते इथलं." आणि तिनं पळीच्या दांड्याला हात लावला.

दोघींचे हात एका दांड्यावर. दुधाच्या कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले होते. झैतुनीनं दाराकडे बघितलं. बी रायानं ओठ घट्ट मिटले होते. ती काही बोलणार नव्हती, आणि झैतुनीनं बोलावं असंही तिला वाटत नव्हतं. एक शब्द, आणि ही मुलगी हात काढून घेईल, खाली काका उठतील, अथमान धावत वर येईल. एक शब्द, आणि संध्याकाळी ताटं.

"जाड दूध घातलंय," झैतुनी म्हणाली. "उकळी येईपर्यंत हात बदलत नाहीत, फाटतं."

"मग मी काय करू?"

"तू बस."

सुवैबा बकरीवर बसली, गुडघे जवळ घेऊन. बी राया दारातून हलली नाही. झैतुनी ढवळत राहिली, एकाच बाजूनं, सावकाश, आणि उकळी यायला अजून वेळ होता.